अकरा नंबरचे नातेवाईक

दिवसभर मी तंबोऱ्याची जवारी काढतो.
घोडीवर कानस, दोन हात फक्त, मग तार छेडायची,
पुन्हा कानस.
अब्बा म्हणतात, हात कमी चालव, कान चालव.
माझे कान चांगले आहेत, सतारमेकर गल्लीत
सगळे मानतात. कुठल्या तारेखालचा दोरा
केसभर सरकलाय, ते मी पाठमोरा सांगतो.

रात्री साडेबारानंतर याच कानांवर हेडफोन.
मग मी मोहसिन नसतो, रुद्रकाल_९ असतो,
आणि रँक घसरली की तोंड सुटतं
आईवरून, बहिणीवरून, जातीवरून, गावावरून,
जे थोबाड कधी बघितलं नाही त्यावरूनसुद्धा.
आमच्यात सगळेच देतात. न देणारा
नवा असतो, नाहीतर माइक बंद असतो त्याचा.

त्या रात्री चौघांत एक अनोळखी आला. अप्पू_०००.
नेम बरा होता. पण मधेच थांबायचा.
टेकडी उतरताना थांबला, पुलाखाली थांबला,
शेवटच्या वर्तुळात तर बंदूक खाली सोडून
उघड्या मैदानात,
जसा कुणी फोन कानाला लावून
भर रस्त्यात उभा राहतो.
आम्ही मेलो, एकामागोमाग एक, त्याच्यापायी.
मग मी सुरू झालो.
"अरं उभा काय राहिलास लगा, तिरडी बांधू का?
कोण मेलंय का तुझ्या घरात?"
हेच शब्द. बाकीचे सांगत नाही.
दोघं हसले. एकानं आपली भर घातली.

त्याचा माइक उघडा होता, ते तेव्हा कळलं.
पंख्याची घरघर. स्टीलचा डबा सरकला.
मग बाईचा आवाज, थकलेला, रोजचा:
"अकरा नंबरचे नातेवाईक! अकराचं कोण आहे?"
आणि अंधारात चपला शोधणारे पाय.

तेवढ्यात माझ्या खिडकीतून
जंक्शनकडच्या मालगाडीचा भोंगा आला.
अर्ध्या सेकंदानं तोच भोंगा
हेडफोनमध्ये.
तोच. सुराच्या बाबतीत मी चुकत नाही,
काळी चारच्या जरा खाली, शेवटाला फाटलेला.

मी हेडफोन काढला, परत घातला.
पडद्यावर तो तसाच उभा. त्याला कुणीतरी
अगदी सावकाश मारला.
माझा अंगठा मात्र सवयीनं पुढं गेलेला:
तक्रार, मुद्दाम हरला, पाठवा.

सकाळी निरोप: आपल्या तक्रारीवरून
सदर खेळाडूवर सात दिवसांची बंदी.
खेळ निर्मळ ठेवल्याबद्दल आभार.

दुपारी तारा आणायला निघालो नि सायकल
दवाखान्याकडं वळली. मिरजेत काय,
दगड भिरकावला तरी दवाखान्यावर पडतो.
तीन बघितले.
जिन्याखाली पेपर अंथरून झोपलेली माणसं,
जतची, कागवाडची, अथणीची,
कठड्यावर वाळत घातलेलं लुगडं,
एका बोर्डावर नऊ चार्जर, एकमेकांत गुंतलेले,
आणि प्रत्येकाच्या टोकाला कुणाचा तरी फोन.
कुठला, कसं सांगणार?
तिसऱ्या ठिकाणी धीर करून विचारलं, अकरा नंबर?
नर्सनं वही उलटली. "कालचे की आजचे?"
मला बोलता येईना.
"तुम्ही कोण त्यांचे?"

तारा न घेताच परत आलो. अब्बा काही बोलले नाहीत,
घोडी उजेडात धरून नुसती फिरवत राहिले.

रात्री खेळलो. खोटं कशाला बोलू.
तोंड बंद ठेवलं, माइक उघडा.
अडीचची मालगाडी चौघांच्या कानांतून निघाली.
"कुणाच्या घरातनं रेल्वे जातीया बे?
बंद कर ती, भिकारड्या."
मी केली नाही.
डबे पुष्कळ होते त्या गाडीला,
बराच वेळ जात राहिले.